खुर्चीवरून जलप्रवास

पर्वतीच्या पायऱ्या मी लहानपणीं पुष्कळदां चढलों आहें असें मी सांगतों तेव्हां तें अगदींच खोटें नसतें. फक्त त्या चढण्यांत पाय माझे नसत, माझ्या थोरल्या बंधूंचे असत. १९५६ सालीं, दोन वर्षांचा असतांना, मला पोलिओ झाला आणि माझा डावा पाय कायमचा अधू झाला. दादा माझ्याहून नऊ वर्षांनीं वडील. शाळेचा जिना, लग्नघराची माडी, नदीचा घाट, जेथें जेथें पायरी आडवी येई तेथें तेथें दादा माझ्याकडे पाठ करून खालीं बसत आणि ‘मी आहें ना!’ एवढेंच म्हणत. मी त्यांच्या गळ्याला मिठी मारीं आणि आमची वरात वर निघे. पुढें कॅलिपर आला, काठी आली; बी. एड्. होऊन एका शाळेंत चौतीस वर्षें भूगोल शिकविला. संसाराच्या भानगडींत पडलों नाहीं व दादा-वहिनींच्याच घरीं राहिलों. परंतु पायरी दिसली कीं दादांची पाठ आपोआप वळे, ती संवय त्यांनीं पाऊणशें वर्षांचे झाल्यावरहि सोडली नव्हती.

साठी उलटल्यावर माझा चांगला पायहि संप करूं लागला. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, पोलिओच्या तडाख्यांतून जे मज्जातंतू वांचतात त्यांना मेलेल्यांचेंहि काम करावें लागतें. तीस-चाळीस वर्षें असें दुहेरी काम केल्यावर ते थकतात, आणि त्या थकव्यावर अधिक व्यायाम हा उपाय नव्हे. उरलेली शक्ति काटकसरीनें वापरावयाची, लांबचें अंतर खुर्चीवरून जावयाचें. ह्या सल्ल्यानें मला जितकें वाईट वाटलें तितकें मूळच्या दुखण्यानेंहि कधीं वाटलें नव्हतें. ज्या चाकांच्या खुर्चीला मीं आयुष्यभर हुलकावणी दिली तिच्यांतच शेवटीं येऊन बसावें लागलें.

दादांची धाकटी मुलगी सिॲटल येथें असते. जून २०२३ मध्यें आम्ही तिघें तिच्याकडे जाणार असें ठरलें तेव्हां तिनें तेथून निघणाऱ्या अलास्काच्या सात रात्रींच्या जलसफरीचा बेत काढला. मीं साफ नकार दिला. माझ्यामुळें बाकीच्यांचा खोळंबा होतो हें मीं इतक्या वेळां पाहिलें आहे कीं, ‘तुम्ही जाऊन या, मी सामानापाशीं बसतों’ हें वाक्य माझ्या जिभेवर कायमचें बसलें आहे. रायगड, जेजुरी, वणी, सर्व ठिकाणचीं सामानें मीं इमानानें राखलीं आहेत. परंतु पुतणी वकिलासारखी बोलूं लागली. ‘काका, इतर प्रवासांत माणूस जागेपाशीं जातो, येथें जागा माणसापाशीं येते. एकदां खोलींत सामान लावलें कीं सात दिवस तें उचलावयाचें नाहीं. आणि चौतीस वर्षें तुम्ही मुलांना फळ्यावर खडूनें हिमनदी काढून दाखविलीत, ती एकदां डोळ्यांनीं पाहावयाची नाहीं काय?’ ह्या शेवटच्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

येथें थोडें व्यवहाराचें सांगतों. कारण गुडघे धरलेलें एकहि वडील माणूस नाहीं असें घर आपल्यांत विरळाच. जहाजावरील साध्या खोलीचें दार सुमारें तेवीस इंचांचें असतें व न्हाणीघराला चांगला उंच उंबरठा असतो. म्हणजे खुर्ची दाराबाहेर, मी दारांत आणि न्हाणीघर स्वप्नांत! अधू माणसांसाठीं केलेल्या खोल्या निराळ्या. त्यांचें दार बत्तीस इंचांचें, उंबरठा नाहीं, खुर्ची वळवावयास मोकळी जागा, भिंतीला धरावयाच्या दांड्या व न्हाणींत बसण्यासाठीं बांक. हजारों उतारूंच्या जहाजावर अशा खोल्या अगदीं मोजक्या असतात व त्या कित्येक महिने अगोदर भरून जातात. ज्या दलालाकडे आम्हीं प्रथम चौकशी केली त्यानें ‘सर्व सोय आहे, काळजी नको’ असें म्हणून साधी खोलीच आमच्या गळ्यांत बांधली होती. पुतणीनें दाराची रुंदी लेखी मागितली तेव्हां कोठें खरें बाहेर आलें. ‘सोय आहे काय?’ असें कधींच विचारूं नये. दार किती इंच, उंबरठा किती इंच, असें विचारावें.

दुसरी गोष्ट बंदरांची. कांहीं बंदरांत मोठें जहाज धक्क्याला लागत नाहीं; तें दूर नांगर टाकतें व उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र हलत असला तर खुर्चीच्या माणसाला होडींत घेण्यास खलाशी नकार देतात, आणि तो नकार योग्यच असतो. आमचे आजोबा मुंबईहून आगबोटीनें हर्णैला जात तेव्हां आगबोट अशीच समुद्रांत उभी राही आणि खालच्या पडावांत उतरावें लागे; म्हातारीं माणसें खलाशी गांठोड्यासारखीं झेलीत, असें ते रंगवून सांगत. दादांना ती हकीकत फार आवडे. होड्यांचा विषय निघतांच ते म्हणाले, ‘तशी वेळ आली तर मी आहें ना!’ पुतणीनें मुकाट्यानें सर्व बंदरें धक्क्याचीं असलेली सफर निवडली.

ह्या सोयी केवळ भूतदयेनें झालेल्या नाहींत, हेंहि येथेंच सांगून टाकतों. हीं जहाजें बहुधा बहामा, पनामा अशा परक्या निशाणाखालीं चालतात. म्हणून अमेरिकेचा १९९० चा अपंगांविषयींचा कायदा त्यांना लागू पडतो कीं नाहीं हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००५ सालीं तो सामान्यतः लागू पडतो असा निकाल झाला. आपल्याकडेहि २०१६ चा कायदा आहे; पण आपल्या पायऱ्यांना अद्याप वाचतां येत नाहीं.

असो. जहाजावर मीं पाऊल नव्हे, चाक ठेवलें. विजेवर चालणारी एक तीनचाकी स्कूटर भाड्यानें सांगून ठेवली होती, ती खोलींतच येऊन उभी होती. ती रात्रीं बोळांत ठेवावयाची नाहीं असा सक्त नियम. बोळ अडला तर आगीच्या वेळीं अनर्थ व्हावयाचा. नांगर उचलण्यापूर्वी प्रत्येक उतारूनें संकटकाळीं जमण्याची आपली जागा पाहून यावी लागते. आम्ही गेलों तेव्हां एका तरुण अधिकाऱ्यानें वही काढून मला विचारलें, ‘संकटांत लिफ्ट बंद असतात. आपणांस जिना उतरतां येईल काय?’ मीं तोंड उघडण्यापूर्वींच दादा इंग्रजींत म्हणाले, ‘मी त्याचा भाऊ. मी त्याला उचलून आणीन.’ तो मुलगा हंसला नाहीं. त्यानें दादांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलें आणि मोठ्या अदबीनें सांगितलें, ‘आपण आपल्या पत्नीसह सरळ यावें. ह्यांच्यासाठीं माणसें नेमलेलीं आहेत व जिन्यावरून उतरविण्याची खास खुर्चीहि आहे.’ आणि माझ्या खोलीचा आंकडा त्यानें टिपून घेतला. दादा तेथें कांहीं बोलले नाहींत. लिफ्टमध्यें शिरल्यावर मात्र एकदम म्हणाले, ‘त्याला काय माहीत!’

दुसरा दिवस सबंध समुद्रावरचा. त्या दिवशीं मला जें झालें त्याला काय म्हणावें तें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. एकोणसत्तराव्या वर्षीं एखाद्याला पाय फुटावे, तसें कांहींसें तें होतें. एका मजल्यावरून दुसऱ्यावर, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत मी नुसता हिंडत होतों. ‘जरा थांबा’ असें मला कोणास म्हणावें लागत नव्हतें. उलट दादाच मागून ‘अरे, हळू’ म्हणत येत होते. दुपारीं ते वामकुक्षीला पडले असतां मी कोणास न सांगतां बाहेर पडलों. जहाजाच्या वाचनालयांत अलास्काच्या किनाऱ्याचा एक सुरेख नकाशा होता. त्यांत माझे दोन तास गेले. तेवढ्या वेळांत दादांनीं सारें जहाज वरखालीं पालथें घातलें होतें. मी त्यांना दिसलों तेव्हां त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. ‘सांगून जातां येत नाहीं?’ ते चार लोकांदेखत ओरडले. ‘दादा, मी एकोणसत्तर वर्षांचा आहें,’ मीं म्हटलें. आणि जितक्या तुटकपणें म्हणावयास नको होतें तितक्या तुटकपणें म्हटलें. रात्रीं जेवतांना कोणी बोललें नाहीं. उठतांना वहिनी हलकेंच म्हणाल्या, ‘भावजी, तुम्ही एकटे हिंडलांत ह्याचा मला आनंदच आहे हो. पण ह्यांचे हात रिकामे झाले, त्याचें काय करावयाचें तें तुम्हीच सांगा.’

तिसऱ्या दिवशीं दुपारीं जूनो आलें. गांवापासून जवळच असलेली मेंडेनहॉल हिमनदी पाहावयास मोटारगाडीनें जावयाचें होतें. स्कूटर नको, घडीची खुर्ची कोणत्याहि गाडींत जाईल, ती आपण ढकलूं, असा दादांनीं आग्रह धरला. आणि आदल्या दिवशींच्या माझ्या बोलण्याची भरपाई म्हणून मीं तो मान्य केला. त्या भागांत भरती-ओहोटींतील फरक वीस फुटांच्याहि वर जातो. त्यासाठीं तेथें तरते धक्के बांधले आहेत. ते पाण्याबरोबर वरखालीं होतात, त्यामुळें जहाजांतून धक्क्यावर येतांना फारसा चढउतार लागत नाहीं. पण धक्क्यापासून किनाऱ्याकडे जाणारा पूल ओहोटीच्या वेळीं चांगलाच चढाचा होतो. आम्ही उतरलों ती वेळ नेमकी ओहोटीची. निम्म्या पुलावर खुर्ची मंदावली. मागून दादांचा श्वास मला ऐकूं येऊं लागला. बालपणीं त्यांच्या पाठीवर बसून तोच श्वास मीं कानाशीं हजारदां ऐकला होता. हा तो नव्हता. मीं दोन्ही हातांनीं चाकें घट्ट धरलीं आणि मागें वळून पाहिलें, तों दादांचे ओठ काळसर झालेले. धक्क्यावरचा एक माणूस धांवत आला, परवानगी विचारून त्यानें खुर्ची हातीं घेतली, आणि दादा कठडा धरून उभे राहिले. दहा मिनिटांनीं रंग परत आला. वहिनींनीं पिशवींतून आलेपाक काढून दिला.

मेंडेनहॉलला फरसबंदी वाटेनें थेट देखाव्याच्या जागेपर्यंत खुर्ची जाते. तळें, पलीकडे धबधबा, त्याच्याहि पलीकडे हिमनदी. सर्व दिसलें, पण माझें लक्ष बांकावर बसलेल्या दादांकडे होतें.

त्या रात्रीं मीं त्यांना सांगितलें, ‘दादा, आजपासून खुर्ची ढकलणें बंद.’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मग मीं काय करावयाचें?’ हा प्रश्न त्यांनीं रागानें किंवा विनोदानें विचारला असता तर मला सोपें गेलें असतें. त्यांना खरोखरच उत्तर हवें होतें. ज्या मनुष्यानें वयाच्या अकराव्या वर्षापासून एकच काम आपलें मानलें, ज्यानें त्या कामासाठीं परगांवची बढती नाकारली हें मला वहिनींकडून फार उशिरां कळलें, त्याला मी कोणत्या तोंडानें ‘आराम करा’ म्हणणार होतों?

सकाळीं जाग आली तों दादा खोलींत नव्हते. जहाज स्कॅग्वेला लागलें होतें. तेथून एक अरुंद रुळांची आगगाडी डोंगरांत चढत जाते. तिच्या कांहीं डब्यांना खुर्ची उचलून घेणारा पाट आहे व तो डबा अगोदर सांगून ठेवावा लागतो, तसा आम्हीं ठेवला होता. अर्ध्या तासानें दादा आले. टोपी ओली, नाक लाल. ‘ऐक,’ ते म्हणाले, ‘येथून गाडीपर्यंत एकहि पायरी नाहीं. पण डाव्या अंगानें जाऊं नकोस, तेथें रुळ आडवे आहेत, तुझें पुढचें चाक अडकेल. उजवीकडून जा. आणि गाडीच्या माणसाला मीं तुझा डबा दाखवावयास सांगितलें आहे.’ मीं स्कूटर उजवीकडून नेली. त्यांचें म्हणणें तंतोतंत खरें होतें.

ह्या आगगाडीचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १८९७-९८ मध्यें क्लोंडाइकच्या सोन्यासाठीं हजारों लोक ह्याच डोंगरांतून गेले. वर्षभराचें अन्नसामान बरोबर असल्याखेरीज कानडाचे पोलीस सरहद्द ओलांडूं देत नसत. म्हणून एकेकाला जवळ जवळ टनभर ओझें खेपा करून वर न्यावें लागे. व्हाइट पासच्या वाटेवर सुमारें तीन हजार घोडीं मेलीं. त्या दरीला अजूनहि मेल्या घोड्यांचें नांव आहे. १८९८ मध्यें रुळ घालावयास आरंभ झाला आणि १९०० सालीं मार्ग पुरा झाला. धडधाकट पुरुषांची जेथें हाडें मोडलीं त्या सुमारें २,८६५ फूट उंचीच्या खिंडींत मी मांडीवर शाल घेऊन बसून गेलों. आणि मौज ही कीं, डब्यांतील इतर सर्वजणहि बसूनच गेले. सामान राखावयास खालीं कोणीच उरलें नव्हतें.

पांचवा दिवस ग्लेशियर बेचा, म्हणजे ज्यासाठीं मी आलों होतों त्याचा. येथें जहाज कोठेंच लागत नाहीं व उतारूंपैकीं कोणीच उतरत नाहीं. मोठीं जहाजें दिवसाला दोनच आंत सोडतात. सकाळीं राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक लहान होडींतून येऊन शिडीनें वर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. १७९४ सालीं व्हँकूव्हरच्या पथकानें हा किनारा पाहिला तेव्हां येथें उपसागर जवळ जवळ नव्हताच. बर्फाच्या प्रचंड भिंतीपुढें एक लहानशी खांच होती. १८७९ मध्यें जॉन म्यूर आला तोंवर तें बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागें गेलें होतें, आणि १९१६ पर्यंत सुमारें पासष्ट मैल. म्हणजे आमचें जहाज ज्या पाण्यावरून चाललें होतें तेथें माझ्या पणजोबांच्या पणजोबांच्या काळीं बर्फच बर्फ होतें. पाठ्यपुस्तकांत मात्र ‘हिमनदी म्हणजे बर्फाची सावकाश वाहणारी नदी’ एवढें एकच वाक्य असे, आणि तें मीं चौतीस वर्षें पाठ करून घेतलें.

मार्जरी हिमनदी जवळ आली तसे सारे लोक जहाजाच्या पुढच्या टोंकाला धांवले. मीहि गेलों. परंतु बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर उभ्या माणसांच्या कंबरा येतात, ही गोष्ट जहाज बांधणाऱ्याला सुचलेली नसते. रंगीबेरंगी कोटांच्या पाठी, त्यांवरच्या घड्या, एका मुलाच्या हातांतील बिस्किट, इतकेंच मला दिसत होतें. पुढून ‘आहा’ असा आवाज उठे आणि मला कळे कीं कांहींतरी घडलें. लक्ष्मी रस्त्यावर गणपतींची मिरवणूक पाहावयास दादा मला खांद्यावर घेत, त्याची आठवण झाली. आणि पुतणीनें एवढा खटाटोप केला त्याचें फळ शेवटीं कोटांच्या पाठी, असा एक कडवट विचार मनांत आला. पुतणी लोकांना बाजूला व्हा म्हणून सांगणार होती. मीं तिचा हात धरला. तशी जागा मला नको होती.

इतक्यांत दादा गर्दींतून आले. ‘येथें काय करतोस? मागच्या टोंकाला चल. त्या रक्षकबाईंना विचारून आलों आहें. जहाज आतां सावकाश तोंड फिरवणार, मग हिमनदी मागच्या बाजूला येईल. तेथें दाराला उंबरठा आहे, पण लांकडाची उतरंड टाकून घेतली आहे मीं.’

मागच्या सज्जांत दोन-तीनच माणसें होतीं व कठड्याच्या सळ्यांतून बसूनहि स्वच्छ दिसत होतें. जहाज फिरूं लागलें, आणि डावीकडून, नाटकाचा पडदा सरकावा तशी, ती भिंत सरकत समोर आली. सुमारें एक मैल रुंद आणि पाण्यावर अडीचशें फूट उंच. पांढरी नव्हे, निळी. भेगांच्या आंत तर निळीची पुडी फुटावी अशी. दादा माझ्या खुर्चीच्या बाजूला कठड्याला रेलून उभे होते. ‘हें निळें कां रे?’ त्यांनीं विचारलें. मीं सांगितलें: शतकानुशतकें वरच्या भारानें दाबलें जाऊन बर्फांतील हवेचे बुडबुडे नाहींसे होतात, मग उजेड खोलवर शिरतो, त्यांतला तांबडा भाग बर्फ शोषून घेतें आणि निळा तेवढा परत येतो. मग त्या काळ्या रेघा कसल्या, तें सांगितलें. मग कडा कां तुटतो, तें. दादा वर्गांतल्या मुलासारखे मान हलवीत होते. मी बोलत असतांनाच वाड्याएवढा एक कडा निसटला आणि नि:शब्दपणें पाण्यांत बसला, तुषार उडाले, आणि दोन-तीन सेकंदांनीं तोफेसारखा आवाज आला. ‘आवाज मागून कां?’ दादांनीं विचारलें, जरी हें त्यांना ठाऊक असलें पाहिजे. तेंहि मीं सांगितलें. तासभर आम्ही तेथें होतों. वहिनींनीं मोठ्या थर्मासांतून चहा आणला. त्या तासांत दादा माझ्या खुर्चीला एकदांहि शिवले नाहींत.

केचिकनला वर्षाला सुमारें दीडशें इंच पाऊस पडतो आणि आमच्या वांट्याला त्यांतला बराच आला. खांबांवर बांधलेल्या लांकडी रस्त्याचीं घरें छत्रीखालून पाहून परत फिरलों. फळ्यांच्या फटींत चाक जाईल हें दादांनीं आधींच येऊन सांगितलें होतें.

शेवटची संध्याकाळ व्हिक्टोरियाची. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यानें परक्या निशाणाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरांतून उतारू घेऊन परदेशाला न शिवतां परत आणून सोडतां येत नाहीं. म्हणून हीं जहाजें कांहीं तास कानडाच्या ह्या गांवीं थांबतात. जहाज लागतांच दादा नेहमींप्रमाणें पाहणीस गेले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, ते आले नाहींत. आतां कठड्याशीं जाऊन खालीं पाहण्याची पाळी माझी होती. वहिनी वरवर विणकाम करीत होत्या, पण टांका एकहि पुढें जात नव्हता. शेवटीं दादा येतांना दिसले. सावकाश, हात मागें बांधून.

‘गांव लांब आहे,’ ते वर येऊन म्हणाले. ‘पण खुर्ची चढविणारी टॅक्सी मिळते, ती सांगून आलों. अर्ध्या तासानें येईल.’ मग खुर्ची ओढून बसत, माझ्याकडे न पाहतां, म्हणाले, ‘येतांना वाटेंत मी दोनदां बसलों. बांक आहेत जागोजाग.’

‘बरें केलेंत,’ मीं म्हटलें.

जूनमध्यें तेथें रात्रीं नऊ वाजतांहि उजेड असतो. वहिनींनीं विणकाम पिशवींत टाकलें आणि दोघांच्याहि शाली काढून ठेवल्या.